दारावरची कडुलिंबाची डहाळी

अजून मला एक स्वप्न पडतं. भर दुपार असते, मद्रासमधल्या मैलापूरच्या तळ्यामागची गल्ली असते आणि मी खांद्याला थर्मास अडकवून मधोमध चालत असते. ऊन इतकं पांढरं असतं की घरांच्या कडा दिसत नाहीत. मी पुढे जाते तसतशी दोन्ही बाजूंची दारं एकेक करून मिटत जातात, जराही आवाज न करता. कुणी घाबरलेलं नसतं, कुणी रागावलेलंही नसतं. मग जाग येते आणि पडल्या पडल्या मला हसू येतं. कारण हे स्वप्न कसलं, ही तर माझी नोकरी होती.

नोकरी देवी काढण्याची, म्हणजे देवीची लस टोचण्याची. ज्यांनी हा रोग पाहिलाच नाही त्यांच्यासाठी सांगते. देवी म्हणजे आधी सडकून ताप, मग अंगभर पाणीदार फोड, आणि जो वाचेल त्याच्या तोंडावर जन्मभराचे वण. काहींचे डोळे जात, काही जातच. त्यावर औषध नव्हतं, आधीच टोचून घेतलेली लस तेवढी होती. मद्रासला सगळे मद्रासच म्हणत त्या काळी आरोग्य खात्याने आमच्यासारख्या काही बायका नेमल्या. पुरुष माणसाला ओसरीच्या पुढे कुणी येऊ देत नसे, आणि टोचायला हवी असलेली निम्मी माणसं स्वयंपाकघरात बसलेली असत. माझे यजमान शाळामास्तर. अर्ज त्यांनीच आपल्या वळणदार अक्षरात लिहिला आणि मी खाली सही केली.

आमचं घराणं तंजावरचं. कितीतरी पिढ्या तमिळ मुलखात गेल्या, तरी घरात मराठीच, आमच्या धाटणीची. पुण्याकडचे पाहुणे ती ऐकून गालातल्या गालात हसतात, आम्हीही त्यांची ऐकून हसतो. (हा लेख भाचीने वाचून सरळ केला आहे, हेही सांगून टाकते.) नोकरीचं कळल्यावर सासूबाई म्हणाल्या, "देवी आली त्या घरी ही सुई घेऊन जाणार? चोखोट झालं!" चोखोट म्हणजे आमच्यात ‘छान’. पण त्यांनी अडवलं नाही. रोज संध्याकाळी मागच्या दारी हळद आणि कडुलिंबाचा पाला घातलेल्या कढत पाण्याचा हंडा तयार असे. "अगोदर आंग धू गे, मग इक्कड ये," असं त्या आतूनच ओरडत. न्हाऊन, लुगडं बदलून मगच मला घरात प्रवेश. खात्याने दिलेल्या सूचनांच्या कागदावरही जवळपास हेच लिहिलं होतं, फक्त इंग्रजीत.

काम तसं साधं. लस शहराबाहेर गिंडीला जिथे तयार होई तिथून यायची, काचेच्या केसासारख्या बारीक नळ्यांत. त्या मी बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये ठेवायची. दंड पाण्याने पुसायचा, नळी मोडून लसीचा थेंब त्यावर टाकायचा. मग एक बारीक दांडी घ्यायची, जिच्या टोकाला दातेरी चकती असते. ती थेंबावर टेकवून बोटांत अर्धा फेरा फिरवायची. दुखायचं, खोटं कशाला बोलू? दोन माणसांच्या मध्ये चकती स्पिरिटच्या दिव्यावर तापवून गार करायची. आठव्या दिवशी परत जाऊन पाहायचं. मधोमध दबलेला, मोत्याच्या रंगाचा फोड आला असेल तर ‘उठली’, म्हणजे लस लागली. काही नसेल तर पुन्हा टोचायचं. ‘उठली’ म्हणताना मला फार आनंद व्हायचा, अजूनही हा शब्द उच्चारला की होतो.

गिऱ्हाइकं मात्र साधी नव्हती. सोमवारी सकाळी साडेसात ते नऊ, शुक्रवारी साडेदहा ते बारा, अशा सातही दिवसांच्या राहुकाळाच्या वेळा मला पाठ होत्या, कारण त्या वेळात मैलापुरात कुणी दंड पुढे केला नसता. एक निवृत्त हेडक्लार्क होते. त्यांनी मला ओसरीवर बसवून विचारलं की ही लस ज्या वासरापासून काढतात ते जिवंत असतं की कसं. मी म्हटलं, वासरू जिवंत असतानाच काढतात. मग त्यांनी विचारलं की त्याला चारा वेळेवर मिळतो ना. मिळतो म्हटल्यावर गिंडीच्या दिशेला हात जोडून त्यांनी डोळे मिटले आणि दंड पुढे केला. आमच्यातल्याच एक अंबूअक्का होत्या. त्या मला कॉफी पाजत, पाठीवरून हात फिरवत आणि प्रत्येक वेळी "पुढल्या आठवड्यात" म्हणत. तीन वर्षं त्यांचा पुढला आठवडा चालला होता. आणि काही घरं अशी, की टोचून निघालेली मी गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत, लस लागू नये म्हणून सगळ्यांचे दंड ताकाने धुऊन झालेले असत.

हे सगळं आठवताना बरं वाटतं. खरं सांगायचं आहे ते मात्र वेगळंच आहे, आणि त्याच्याभोवती मी इतकी वर्षं नुसती फिरते आहे.

मैलापूरच्या पूर्वेला समुद्र. तिथे वाळूवर एक कुप्पम होता, म्हणजे कोळ्यांची वस्ती. माडाच्या झापांची छपरं, दारांपुढे वाळत घातलेली जाळी आणि सतत वारा. तिथली मुत्तम्मा मासे विकायची. मोठा आवाज, त्याहून मोठं कुंकू, तोंडात पान. पहिल्या दिवशी सगळ्या बायका आत पळाल्या तेव्हा ही एकटी पुढे आली आणि कोपर माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "टोच, ऊसियम्मा. बघू तरी तुझ्या सुईत केवढा जोर आहे." ऊसी म्हणजे सुई. तेव्हापासून कुप्पमभर माझं नाव ऊसियम्मा पडलं. आमचं बोलणं अर्थातच तमिळमध्ये. दुपारी तिच्या दाराशी बसलं की समुद्राचा आवाज ऐकता ऐकता माझे डोळे जड व्हायचे, आणि ती मला खुशाल पेंगू द्यायची.

तिची मुलगी सेल्वी बाळंतपणाला आली होती. ओल्या बाळंतिणीला आणि तान्ह्या मुलीला सुई नको म्हणून मुत्तम्माने दोघींना जाळ्यांच्या ढिगामागे लपवलं. जाळ्यांमागून बाळाचं रडणं येत होतं आणि मुत्तम्मा मला शपथेवर सांगत होती की घरात मांजर व्यालंय. मला हसू आलं. म्हटलं, राहू दे, पुढल्या खेपेला बघू. अंबूअक्कांचा पुढला आठवडा मलाही लागला होता म्हणायचा.

त्या उन्हाळ्यात साथ आली. आमच्या इन्स्पेक्टरसाहेबांना आजारी माणसांची घरं हवी होती, आणि घरं सापडत नव्हती. आजारी माणूस सापडला की गाडी यायची आणि त्याला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, साथीच्या इस्पितळात न्यायची. तिथे नातेवाइकांना आत जाता येत नसे. जे परत येत त्यांच्यापेक्षा जे येत नाहीत तेच लोकांच्या लक्षात राहत, त्यामुळे कुणी तोंड उघडत नव्हतं.

मला मात्र एक गोष्ट ठाऊक होती, कारण मी याच मुलखात वाढले. देवी आली की घरच्या बायका दारावर कडुलिंबाची डहाळी लावतात. म्हणजे मारियम्मन, या रोगाची देवी, घरी आली आहे, आजारी माणसाच्या अंगात तीच आहे. डहाळी दिसली की परका माणूस उंबरा ओलांडत नाही, घरचे बाहेर कुणाकडे जात नाहीत, फोडणी बंद, वेणीफणी बंद. शेवटी हळद-कडुलिंबाच्या पाण्याने न्हाऊ घालतात, तेव्हाच डहाळी उतरते. मी साहेबांना म्हटलं, "साहेब, विचारायचं कशाला? दारं बघत चला."

आठवड्याभरात यादी भरली. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि मी ते घरी येऊन यजमानांना दोनदा सांगितलं. सासूबाई तेवढ्या उठून मागच्या दारी गेल्या. गाड्या डहाळी पाहून थांबायच्या. पुढे पंधरा दिवसांत दारांवरच्या डहाळ्या कमी होत होत एकही उरली नाही. साहेब म्हणाले, साथ ओसरली. मलाही तसंच वाटलं. त्या दिवसांत मी कुप्पममधून चालायची तेव्हा दारं कशी स्वच्छ, मोकळी दिसायची, वारा आरपार जायचा, आणि मला वाटायचं, हे आपण केलं.

मग एका सकाळी मी मुत्तम्माच्या दाराशी आले तर ती उंबऱ्यावर आडवा पाय टाकून बसलेली. केस मोकळे. तोंडात पान नाही. आतून हळदीचा आणि कडुलिंबाच्या धुराचा वास येत होता. दारावर काही नव्हतं.

"कोण आजारी आहे?" मी विचारलं.

"कोणी नाही. जा."

"मुत्तम्मा, वास येतोय."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा तो मोठा आवाज एकदम बारीक झाला. "सेल्वी. काल फोड आले." मग म्हणाली, "शेजारच्या कन्नियम्माचा नवरा आत पडला होता. देवी आली होती त्याला. तिने डहाळी लावलीच नाही, गाडीच्या भीतीने. सेल्वी चुलीसाठी निखारा आणायला आत गेली, आणि गप्पा मारत बसली. डहाळी असती तर माझ्या पोरीने त्या घरात पाऊल टाकलं असतं? आमच्यात कोणी टाकतं? ती डहाळी तू काढलीस, ऊसियम्मा. हात कन्नियम्माचा, पण काढलीस तू."

मी वाळूत बसले. माझ्या डोळ्यांसमोर ती मोकळी, स्वच्छ दारं आली. साथ ओसरली असं मी समजत होते, ती नुसती लपून बसली होती. इतकी वर्षं जी गोष्ट या लोकांना रोगापासून दूर ठेवत होती, सरकारच्या कागदाशिवाय, सुईशिवाय, ती मी माझ्या हुशारीने मोडून ठेवली होती. मी ओरडून रडले असते तर बरं झालं असतं, पण रडूही येत नव्हतं.

"बाळ?" मी विचारलं.

"माझ्याजवळ आहे. तापबीप नाही."

आमच्या कामात एवढं शिकवलेलं असतं की घरात रोग शिरल्यावरही पहिल्या दोन-चार दिवसांत टोचलं तर माणूस वाचू शकतो. मी तिला ते सांगितलं. म्हटलं, हे घर मी कुणाला कळवणार नाही, गाडी येणार नाही. नोकरीच्या दृष्टीने हा गुन्हाच होता. मग मी उठून विहिरीजवळच्या कडुलिंबाची डहाळी मोडून आणली आणि तिच्या हातात दिली. "ही लाव. जिथे ही दिसेल तिथे मी आत येणार नाही. पण बाळाला टोचू दे."

तिने डहाळी लावली. पण बाळाचं नाव काढताच मान हलवली. "अम्मन घरात असताना तिच्यासमोर लोखंड टोचायचं? तिचा कोप झाला तर?" 

"मग तिलाच विचार," मी म्हटलं. हे मी का म्हटलं ते मला माहीत नाही. सुचलं आणि तोंडून गेलं.

आजारी माणसाच्या अंगात देवी असते, म्हणजे ते जे बोलेल ते देवीचं बोलणं, हे मुत्तम्मा मानत होती आणि मलाही ठाऊक होतं. ती आत गेली. दार उघडंच होतं. आत अंधारात केळीच्या पानावर सेल्वी पडली होती, मला तिच्या पायांची बोटं तेवढी दिसत होती. मुत्तम्मा आपल्या पोटच्या पोरीसमोर गुडघ्यांवर बसली आणि हात जोडून, देवळात बोलतात तशी म्हणाली, "ताये, माये, लेकराला सुई टोचायची म्हणतात. तुम्ही रागवाल का?"

बाहेर समुद्राचा आवाज येत होता. किती वेळ गेला कोण जाणे. ऊन, वारा, डहाळीची हलणारी सावली, सगळं लांबून कुठून तरी दिसतंय असं वाटत होतं. ती नाही म्हणाली असती तर मी काय केलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही.

"टोचा," आतून आवाज आला. कोरडा, खरखरीत. आणि मग पुन्हा, "लवकर टोचा. मी नाही रागवणार."

देवी बोलली की आई बोलली, हे मी कुणाला विचारायला गेले नाही. मुत्तम्माने बाळाला बाहेर वाळूत आणलं. एवढासा दंड, त्यावर मी थेंब टाकला आणि चकती फिरवली. बाळ किंचाळलं. आतून सेल्वी काहीतरी पुटपुटली, बहुधा अंगाईतलं.

पुढचे दिवस मी रोज जायची आणि डहाळीच्या अलीकडे उभी राहायची. डहाळी लावायला लोक पुन्हा धजावले, कारण मुत्तम्माने उंबऱ्यावरूनच हाका मारून सगळ्यांना सांगितलं की ऊसियम्मा घर कळवत नाही. डहाळीचं घर सोडून मी त्याच्या आजूबाजूच्या घरांत विचारायची. कुणी हो म्हणायचं, बरेच जण नाही. आठव्या दिवशी मुत्तम्माने दारातून बाळाचा दंड माझ्यासमोर धरला. मधोमध दबलेला, मोत्याच्या रंगाचा फोड. मी आतल्या अंधाराकडे तोंड करून ओरडले, "उठली गं सेल्वी, उठली!" मुत्तम्मा म्हणाली, "ऐकलंय तिने."

त्यानंतर दोन दिवसांनी सेल्वी गेली.

मी साहेबांना सगळं सांगून टाकलं, घर लपवलं तेही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावले नाहीत. पुढे गाडी कुप्पमच्या तोंडाशी उभी राहू लागली, दारापर्यंत येईनाशी झाली. ज्यांना इस्पितळात जायचं होतं ते आपण होऊन येऊ लागले, अगदी थोडे, पण येऊ लागले.

घर धुऊन, डहाळी उतरल्यावर मुत्तम्माने मला बोलावलं. दुपारची वेळ होती. दाराशी तिच्या नेहमीच्या दोन-चार शेजारणी बसल्या होत्या. कन्नियम्मा त्यांच्यात नव्हती, ती आपल्या दाराआड उभी होती. मुत्तम्माने सगळ्यांदेखत मला विचारलं, "डहाळी असती तर माझी पोर वाचली असती का?"

नशीब म्हणता आलं असतं. देवीची इच्छा म्हणता आलं असतं, आणि ते ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या. सरकारी माणसाला अशी उत्तरं देता येतात, मलाही येत होती.

"हो," मी म्हटलं. "वाचली असती. चूक माझी झाली."

तिने मान हलवली. मग खाली पाहत, वाळूत बोटाने रेघ ओढत विचारलं, "आणि मी तिला जाळ्यांमागे लपवली नसती तर?"

हे मी तिला कधीच बोलून दाखवणार नव्हते. पण तिने विचारलं होतं.

"तरी वाचली असती."

मुत्तम्माने बाळ उचलून माझ्या मांडीवर ठेवलं आणि आत जाऊन, तिथे जमिनीवरच झोपली. कितीतरी दिवसांत ती झोपली नव्हती. मी तशीच बसून राहिले. बाळाने माझं बोट धरलं होतं, समुद्र चालूच होता, आणि मला वाटत होतं की मीसुद्धा जागी नाही.

दुसऱ्या दिवशी मी थर्मास घेऊन आले तेव्हा मुत्तम्माच्या दारापुढे बायका टोचून घ्यायला रांगेत उभ्या होत्या. पदर डोक्यावर, पोरं कडेवर. मी वाळूत पोतं अंथरून दिवा लावला. तेवढ्यात मुत्तम्मा रांगेपुढून निघाली, शेजारच्या दारापर्यंत गेली आणि आत हात घालून कन्नियम्माला मनगट धरून बाहेर घेऊन आली. कन्नियम्माचे डोळे सुजलेले. ती मुत्तम्माकडे बघू शकत नव्हती, येत नाही म्हणत होती, मी कशी येऊ म्हणत होती. मुत्तम्माने तिला माझ्यासमोर बसवलं, स्वतः तिच्या मागे बसली आणि आपल्या हाताने तिच्या चोळीची बाही वर सारली.

"हिला आधी," ती म्हणाली.

मी दंड पुसला, थेंब टाकला, चकती टेकवली. कन्नियम्मा हुंदके देत होती, त्यामुळे दंड हलत होता. मुत्तम्माने तो दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.